आखाजीच्या पहाटेची ३० सेकंदं

हे प्रकरण ६७ वर्षांच्या एका बाईंचं आहे. अमळनेर तालुक्यातलं गाव, घरी कोरडवाहू कापूस, दोन म्हशी. गावात सगळे त्यांना आक्का म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांच्या आणि घरच्यांच्या संमतीनेच लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी तालुक्याच्या ठिकाणी जनरल प्रॅक्टिस करतो, हृदयरोगतज्ज्ञ नाही. पण छातीत धडधडणारा माणूस आधी आमच्याकडेच येतो, म्हणून हे आमच्यासारख्यांनी लिहायला हवं असं मला वाटतं.

आक्का पहिल्यांदा आल्या त्या डिसेंबरात, कापसाची वेचणी चालू असताना. "डाक्टर, छातीमा धडधड व्हस, नि हातपायमाईन जीव निंघी जास." कधी होतं? तर कधीही. पहाटे अंथरुणात, कधी दुपारी बांधावर. किती वेळ टिकतं? "चहा व्हई इतला येळ", कधी त्याहून जास्त. रक्तदाबाची गोळी आठ वर्षांपासून चालू, साखर नाही. नाडी पाहिली, ७६, सरळ. ईसीजी काढला, नॉर्मल. त्या दिवशी मी पित्ताची गोळी दिली.

जानेवारीत पुन्हा आल्या, फेब्रुवारीत पुन्हा. दर वेळी ईसीजी नॉर्मल. नाना, म्हणजे त्यांचे यजमान, हताश होऊन म्हणाले, "आठे उनी का बरी व्हई जास!" आक्कांच्या मोठ्या बहिणीला दोन वर्षांपूर्वी लकवा झाला होता. ती अजून खाटेवर आहे. हे कळल्यावर माझ्या मनाने एक सोपी वाट धरली: बहिणीचं पाहून बाई धास्तावली आहे. केसपेपरवर मी "घबराट" असं लिहिलं. ती नोंद अजून तशीच आहे. मी ती खोडलेली नाही.

आज मागे वळून पाहताना नानांचं ते वाक्यच निदानाच्या सगळ्यात जवळ होतं असं दिसतं. दवाखान्यात आल्यावर बरं वाटतं, कारण घरून निघून, एसटी पकडून, नंबर लावून माझ्यापुढे बसेपर्यंत दोन-अडीच तास गेलेले असतात. तोवर ठोके जागेवर आलेले असतात. दवाखान्यातला ईसीजी साधारण १० सेकंदांचा असतो आणि दिवसाचे सेकंद ८६,४००. जे लक्षण दहा-पंधरा दिवसांतून एकदा अर्धा-एक तास येतं, ते नेमकं माझ्या १० सेकंदांत सापडावं अशी अपेक्षा धरून मी तीन महिने काढले होते.

होल्टरचा दिवस

मार्चमध्ये आक्कांना होल्टर लावायला धुळ्याला पाठवलं. छातीला चिकट इलेक्ट्रोड, त्यांना वायरी आणि कमरेला छोटी डबी. माणूस हिंडतो-फिरतो तेव्हा डबी २४ तास प्रत्येक ठोका टिपून ठेवते. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या हेलेना गावच्या नॉर्मन होल्टर या संशोधकाच्या नावावरून त्याला होल्टर म्हणतात. १९४० च्या दशकात त्यांनी केलेलं पहिलं यंत्र पाठीवर बांधायचं होतं आणि त्याचं वजन सुमारे ३८ किलो होतं, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने जवळपास मणभर. त्यांची ही पद्धत १९६१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाली. माणूस टेबलावर निजलेला असताना हृदय जे सांगत नाही, ते तो चालता-बोलता असताना सांगतं, ही त्यामागची साधी कल्पना. मला ती फार मोठी वाटते.

आक्कांच्या होल्टरने मात्र काही सांगितलं नाही. ९६ हजारांच्या आसपास ठोके, त्यांत तुरळक आगाऊ, म्हणजे वेळेआधी येणारे ठोके, बाकी सगळं ठीक. त्या दिवशी त्यांना धडधडलंच नव्हतं. शिवाय दुपारनंतरचे दोन तास नोंद खराब होती, कारण घामाने एक इलेक्ट्रोड सुटला होता. खानदेशात मार्चच्या शेवटी दुपारी बाई चुलीपुढे असेल तर दुसरं काय होणार? अहवालावर "नॉर्मल" होतं. घरच्यांनी त्याचा अर्थ घेतला की हृदय चांगलं आहे. खरं तर त्याचा अर्थ एवढाच होता की त्या २४ तासांत काही सापडलं नाही. हा फरक मी त्यांना नीट बसवून समजावला. तो समजावताना मलाही तो पहिल्यांदा पुरता कळला असावा.

लक्षण रोज येत असेल तर २४ तासांचा होल्टर पुरतो. पंधरवड्यातून एकदा येत असेल तर यंत्र घरी हवं आणि ते त्या क्षणी हाताशी हवं. माझ्याकडे हातात धरायचं एक छोटं ईसीजी यंत्र होतं, काडेपेटीहून थोडं मोठं, दोन पत्र्यांचं. दोन्ही हातांची बोटं दोन पत्र्यांवर ठेवायची, ३० सेकंद हलायचं नाही, ठोक्यांच्या रेघेची पट्टी मोबाइलवर उमटते. डाव्या-उजव्या हातातला विजेचा फरक ते मोजतं, म्हणजे मोठ्या ईसीजीतली पहिली लीड. हृदयातून त्वचेपर्यंत पोचणारा हा सिग्नल एक मिलिव्होल्टच्या आसपास असतो. तेवढ्यावर सगळा खेळ. मनगटावरच्या घड्याळातला हिरवा दिवा नाडीतलं रक्त मोजतो, हृदयाची वीज नाही. काही घड्याळांत ईसीजीची वेगळी सोय असते. गल्लत होते म्हणून हे लिहिलं.

मी ते यंत्र आक्कांना महिन्यासाठी दिलं. सोबत शंभरपानी वही. तारीख, वेळ, काय करत होत्या, काय वाटलं, किती वेळ टिकलं. आक्कांना लिहिता येत नाही. नात नुकतीच दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती, तिने हे काम घेतलं. या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती तीच आहे.

खराब पट्ट्या

पहिल्या आठवड्यात नातीने अकरा पट्ट्या पाठवल्या. त्यांतल्या आठ वाचण्यासारख्या नव्हत्या. यंत्र "अनक्लासिफाइड", म्हणजे काही ठरवता येत नाही, म्हणायचं आणि रेघ पाहिली तर खरोखरच गवत उगवल्यासारखी. मी त्यांना यंत्र घेऊन बोलावलं आणि माझ्यासमोर पट्टी काढायला लावली. दहा मिनिटांत तीन गोष्टी कळल्या.

एक म्हणजे आक्कांचे हात. चाळीस वर्षं कापूस वेचलेली, निंदणी केलेली बोटं. कोरड्या, घट्टे पडलेल्या कातडीतून सिग्नल नीट जात नाही. बोटं पाण्याने किंचित ओलसर करून पुसली की रेघ एकदम स्वच्छ झाली. दुसरी, मोबाइल चार्जरला लावलेला असायचा आणि घरच्या विजेची ५० हर्ट्झची थरथर रेघेत मिसळायची. तिसरी, आक्का यंत्र हवेत उचलून धरायच्या आणि नातीशी बोलत राहायच्या. दंडाचे स्नायूही वीज सोडतात. हात मांडीवर टेकवायचे, खांदे सैल सोडायचे, तोंड बंद. नातीने वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवलं: हात ओले, चार्जर काढा, आज्जी गप्प.

हे बारीकसारीक वाटेल, पण याच जागी सगळं बिघडतं. पहिल्या लीडमध्ये पी-तरंग आधीच बुटका असतो. वरचे कप्पे आकसताना उमटणारी ती छोटी टेकडी गवतात हरवली की यंत्राला ती नाही असंच वाटतं. आणि पी-तरंग नाही हीच तर एट्रियल फिब्रिलेशनची (थोडक्यात एएफ: वरचे कप्पे आकसण्याऐवजी थरथरतात आणि ठोके अनियमित होतात तो विकार) एक खूण. खराब पट्टीवरून म्हातारीला आयुष्यभराची गोळी लागू शकते किंवा लागायला हवी ती राहून जाऊ शकते.

दुसऱ्या आठवड्यात यंत्राने एका पट्टीवर "पॉसिबल एएफ" असा शिक्का मारला. घरी रडारड. नाना तडक दवाखान्यात. मी पट्टी मोठी करून पाहिली: ठोके अनियमित होते खरे, पण प्रत्येक ठोक्याच्या उंच टोकाआधी टेकडी होती. मध्येच एखादा ठोका वेळेआधी येत होता, त्याच्या आधीही टेकडी, जरा वेगळ्या आकाराची, आणि मग एक लांब थांबा. हे वरच्या कप्प्यातले आगाऊ ठोके. पुष्कळांना येतात. यंत्र फक्त अंतरं मोजून बोलत होतं. त्या दिवशी मी काहीही सुरू केलं नाही. नानांना सांगितलं, यंत्र काय म्हणतं ते वाचू नका, रेघ मला पाठवा.

आखाजी

एप्रिल संपत आला होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आक्कांच्या दोन्ही लेकी माहेरी आल्या होत्या, झाडाला झोके बांधले होते. आदल्या रात्री पुरण शिजवून ठेवलं, पितरांची घागर भरायची होती. आक्का पहाटे चारला उठल्या. पाच वाजून काही मिनिटांनी चुलीपुढे धडधड सुरू झाली. घाम आला, डोळ्यापुढे अंधारी आली. लेक पाणी आणायला धावली. नातीने यंत्र आणलं.

तिने पहिली पट्टी ५:१२ ला काढली, दुसरी ५:२०, तिसरी ५:३४. तिन्ही मला व्हॉट्सॲपवर आल्या. सोबत वहीच्या पानाचा फोटो: "पुरण वाटलं, उठल्यावर चहा नाही. छाती धडधड, घाम, चक्कर. छातीत दुखत नाही. बोलता येते. तोंड वाकडे नाही, दोन्ही हात वर करता येतात." शेवटची दोन वाक्यं तिला मी शिकवली होती. सोळा वर्षांच्या पोरीने ती त्या गडबडीत विसरू नयेत याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मी ५:४० ला पट्टी उघडली. ३० सेकंदांत ६७ टोकं, म्हणजे मिनिटाला १३४. दोन टोकांतली अंतरं मोजली: ०.३८ सेकंद, ०.५४, ०.४१, ०.३६, ०.६०. कुठलाच मेळ नाही, एकदा आलेली लय पुन्हा नाही. टोकांआधी टेकडी नाही, तिथे फक्त बारीक, अस्थिर थरथर. आणि पट्टी स्वच्छ: हात ओले होते, चार्जर काढलेला होता. तिन्ही पट्ट्यांत तेच चित्र. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, अशी किमान ३० सेकंदांची एका लीडची पट्टी डॉक्टरने स्वतः वाचून पक्की केली, तर निदानाला तेवढं पुरतं. हे एट्रियल फिब्रिलेशन होतं.

मी त्यांना लगेच यायला सांगितलं. जीपने निघून ७:२० ला पोचल्या. १२ लीडचा मोठा ईसीजी काढला. मिनिटाला ७८, प्रत्येक ठोक्याआधी सुबक टेकडी. नॉर्मल.

ते दोन कागद मी टेबलावर शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहत बसलो. मधलं अंतर दोन तास आठ मिनिटांचं. हातात फक्त दुसरा कागद असता तर तो चौथा नॉर्मल ईसीजी ठरला असता आणि केसपेपरवर मी काय लिहिलं असतं हे मला ठाऊक आहे.

धडधडीपुढचा धोका

आक्कांना त्रास धडधडीचा होता. धोका वेगळाच होता. वरचे कप्पे आकसण्याऐवजी नुसते थरथरतात तेव्हा डाव्या वरच्या कप्प्याच्या कोपऱ्यातल्या एका पिशवीत रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती सुटून मेंदूत गेली की लकवा. या विकारात लकव्याची शक्यता साधारण पाचपट होते. बहिणीची धास्ती मी ज्या बाईच्या माथी मारली, तिला खरोखर त्याच वाटेवरचा धोका होता. बहिणीलाही हेच झालं होतं का, हे आता कुणी सांगू शकत नाही. तिचे ठोके त्या वेळी कुणी टिपले नव्हते.

लकव्याचा धोका किती हे ठरवायचे गुण मोजले. वय ६५ ते ७४ ला एक, रक्तदाबाला एक. जुन्या पद्धतीत बाई असण्याला आणखी एक, ते २०२४ च्या युरोपियन सूचनांनी वगळलं. कसंही मोजलं तरी रक्त पातळ ठेवणारी गोळी हवी असंच उत्तर येत होतं.

धुळ्याला हृदयरोगतज्ज्ञांकडे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. आपल्या भागात ही तपासणी टाळून चालतच नाही, कारण लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप आवळलेले रुग्ण अजून सापडतात आणि त्यांच्यासाठी गोळी वेगळी असते. २०२२ च्या इन्व्हिक्टस अभ्यासात अशा रुग्णांमध्ये नव्या गोळीपेक्षा जुनं वॉरफरिनच सरस ठरलं. आक्कांची झडप ठीक होती, डावा वरचा कप्पा किंचित मोठा. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन ठीक. रक्त पातळ ठेवायला अपिक्साबॅन ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि ठोक्यांचा वेग आवरायला मेटोप्रोलॉल, असं ठरलं. आक्कांचं वजन ५४ किलो. "अंगाने बारीक आहेत, अर्धीच द्या" असा मोह इथे होतो. पण ८० पूर्ण झालेलं वय, ६० किलो किंवा कमी वजन आणि १.५ किंवा जास्त क्रिएटिनिन, या तीनपैकी दोन गोष्टी असतील तरच या गोळीची मात्रा कमी करायची असते. आक्कांच्यात एकच होती. उगाच कमी केलेली मात्रा लकव्यापासून पुरतं वाचवेलच असं नाही आणि कुटुंबाला मात्र वाटतं की आपण संरक्षणाखाली आहोत.

खरी लढाई घरी झाली. नाना म्हणाले, "आते ती बरी शे, मंग गोयी कसाले?" प्रश्न रास्त होता. धडधड नसताना गोळी का, हे मी त्यांच्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला: पाटचारीत पाणी चालतं असलं की शेवाळ धरत नाही, ते कधी साचेल हे आपल्याला आधी कळत नाही. थोरल्या लेकीने विचारलं, शेजारचे घेतात ती छोटी, स्वस्त रक्त पातळ करायची गोळी नाही का चालणार? ती ॲस्पिरिन. या विकारात लकवा रोखायला ती पुरेशी नाही, आणि रक्तस्रावाचा धोका आहेच. मग आक्कांनी हळूच सांगितलं की गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवरून आणलेली गोळी त्या वर्षभर घेत आहेत. रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत असं वेदनाशामक घेतलं तर पोटातून रक्तस्राव होऊ शकतो. ती बंद केली, गुडघ्यांसाठी लेप आणि व्यायाम. उपासाच्या दिवशी गोळी चुकवायची नाही, हे मी तीनदा सांगितलं, कारण आक्कांचे आठवड्याला दोन उपास असतात.

तेव्हापासून लोक मला विचारतात, आम्हीही असं यंत्र घेऊन रोज पट्टी काढावी का? मी सरसकट हो म्हणत नाही. डेन्मार्कमधल्या २०२१ च्या लूप अभ्यासात धोक्याचे घटक असलेल्या वयस्क लोकांच्या त्वचेखाली नोंद करणारं यंत्र बसवून शोध घेतला. विकार सुमारे तिप्पट सापडला, गोळ्याही वाढल्या, पण लकवे ठोसपणे कमी झाल्याचं दिसलं नाही. लक्षण नसलेल्या माणसाची थरथर शोधत बसणं आणि आक्कांसारखी महिनोन्महिने सांगणारी बाई, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणखी एक गोष्ट तर मी प्रत्येकाला हात धरून सांगतो: हे यंत्र हार्ट ॲटॅक ओळखत नाही. छातीत दाबल्यासारखं दुखत असेल, दुखणं हाताकडे-जबड्याकडे जात असेल, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडी वळली, तर पट्टी काढत बसायचं नाही. १०८ ला फोन आणि निघायचं.

मे-जूनमध्ये आक्कांना दोनदाच धडधडलं, एकदा १५ मिनिटं, एकदा ४०. दोन्ही पट्ट्यांत तेच होतं, पण वेग ९६ आणि १०२. चक्कर आली नाही. झटके वाढले तर ॲब्लेशनचा, म्हणजे नळी घालून हृदयातली गडबड करणारी जागा निकामी करण्याचा, विचार करू, असं धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं आहे.

जूनअखेर नात अकरावीला तालुक्याला राहायला गेली. जाण्याआधी तिने नानांना शिकवलं. नानांच्या हाताला कंप आहे, म्हणून यंत्र आक्कांच्या मांडीवर ठेवायचं आणि नानांनी फक्त मोबाइल पाहायचा, असं तिने ठरवून दिलं. जुलैतली पहिली पट्टी अर्धी कापलेली आली, दुसरी रिकामी. श्रावणात, कानबाईच्या सणाच्या आदल्या सकाळी तिसरी आली. पूर्ण ३० सेकंदांची, मिनिटाला ६४, प्रत्येक ठोक्याआधी टेकडी. सोबत आवाजी निरोप होता, मागे घरात जात्याची घरघर: "डाक्टर, ठीक शे ना?" मी लगेच कळवलं, ठीक शे.